कंटेनर घरात रंग देऊनही ओल परत येते? आधी पाणी कुठलं ते ओळखा

प्लाय फुगतो, पुट्टीचे पोपडे निघतात, छताच्या कडेला काळे ठिपके धरतात. मग खरवडा, वाळवा, बुरशीनाशक प्राइमर मारा, पुन्हा रंग द्या. भिंत थोडे दिवस नव्यासारखी राहते आणि हवा पालटली की डाग नेमका त्याच जागी उमटतो. स्वतः बांधलेल्या कंटेनर घरांत आतल्या फिनिशिंगची ही सगळ्यात चिवट तक्रार. ती परत परत येते, कारण दुरुस्ती पॅनेलच्या तोंडावर होते आणि पाणी त्याच्या पाठीमागे असतं.

ते पाणी तीन वाटांनी येतं. पहिली वाट म्हणजे सरळसरळ गळती. दुसरी, खोलीतल्या हवेतली वाफ पॅनेलमागे जाते आणि थंड पत्र्याला घाम सुटतो. तिसरी, बाहेरची दमट हवा फटींतून आत शिरते आणि एसीने गार झालेल्या पॅनेलच्या पाठीला घाम सुटतो. या तिसऱ्या वाटेचं नाव फारसं कुणी काढत नाही. आणि पंचाईत अशी, की दुसऱ्या प्रकारावर आतून प्लास्टिक टाकायचा रूढ उपाय तिसऱ्याला केला तर ओल वाढते. म्हणून सीलंटची नळी हातात घेण्याआधी निदान.

कधी भिजतं आणि कसं भिजतं

डागाची कड भिंतीवरच पेन्सिलीने आखा आणि शेजारी तारीख टाका. त्या दिवशीची हवाही लिहा: पाऊस होता का, पहाट गार होती का, एसी चालू होता का. पावसानंतर काही तासांनी डाग आखलेल्या रेषेबाहेर सरकला, तर गळती. पावसाचं नावही नाही, रात्र निरभ्र आणि गार, आणि पहाटे फॉल्स सीलिंगच्या स्क्रूखाली थेंब लोंबतायत, तर खोलीतलाच घाम. उकाड्यात एसी दिवसरात्र चालतोय, खोली अगदी कोरडी वाटते, पण पॅनेल अंगठ्याने दाबलं की मऊ लागतं आणि विनाइल वॉलपेपर सोलला की खाली गुलाबी-काळे डाग, तर तो तिसरा प्रकार.

डागाचा आकारही बोलतो. गळतीचा ओघळ खिडकीच्या कोपऱ्यातून किंवा वायर आत येते त्या भोकापासून सुरू होतो, वेडावाकडा असतो, आणि वाळल्यावर कडेला तपकिरी रेघ सोडतो. घामाचा डाग मापात असतो. तुमचे स्टड, म्हणजे पॅनेल ज्यांवर बसतं ते उभे आधार, ६०० मिलिमीटरवर असतील आणि ओले पट्टेही बरोबर ६०० वर उभे असतील, तर वेगळा पुरावा नको. बुरशी धरायच्या आधीच या पट्ट्यांवर धूळ चिकटायला लागते. अंधारात टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरा, आतला सगळा सांगाडा एक्स-रेसारखा दिसतो.

खात्री करायची असेल तर फॉइल लावा. साधारण फूटभर चौकोनी अॅल्युमिनियम फॉइल, चारही कडा टेपने पक्क्या बंद, डाग जिथे येतो तिथेच. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या अंगावर दव असेल, तर खोलीतली हवा दमट आहे आणि भिंत गार पडतेय. फॉइल सोडवल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली, तर पाणी मागून येतंय, म्हणजे गळती किंवा एसीचा उलटा घाम. या दोघांतला फरक पाइपने कळतो. कोरड्या दिवशी बाहेरून पाणी मारायचं, पण खालून वर. आधी भिंतीचा तळ, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छत. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी फट सापडत नाही. आत दुसरा माणूस टॉर्च घेऊन उभा पाहिजेच.

आकडे थोडेच लागतात

घरात एक साधा हायग्रोमीटर ठेवा, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन सुटते तो आकडा. तो काढायचा सोपा हिशेब असा: आर्द्रता १०० टक्क्यांपासून जितकी खाली, तिला पाचाने भागा आणि ते उत्तर तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हा हिशेब कामापुरता बरोबर येतो. खोलीत २४ अंश आणि ७० टक्के असेल तर दवबिंदू १८ अंशांच्या आसपास. म्हणजे पॅनेलमागचा पत्रा १८ च्या खाली गेला की त्याला घाम सुटणारच, कितीही महाग रंग दिलेला असो.

आणि पत्रा खाली जातोच. कंटेनरच्या बाजूच्या नालीदार पत्र्याची जाडी दीड-दोन मिलिमीटर. बाहेर जे तापमान, तेच थोड्या वेळात आतल्या अंगाला. छताची गत आणखी वाईट. निरभ्र रात्री छताचा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. म्हणून पहिले थेंब नेहमी छतावर दिसतात, आणि लोक छत गळतंय समजून वर चढून डांबरी पट्ट्या चिकटवत बसतात.

वाफ येते कुठून? माणूस नुसता बसला तरी श्वास आणि त्वचेतून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यात आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे. विटांच्या घरात भिंत यातलं थोडं शोषून घेते आणि सावकाश सोडते. पोलाद एक थेंबही शोषत नाही. त्यातून कंटेनरला मुळात असलेली वरच्या कोपऱ्यांतली छोटी वायुछिद्रं बहुतेक जण फिनिशिंग करताना फोमने बुजवून टाकतात.

एक पॅनेल उघडा, पण योग्य ते

डागाचं पॅनेल उघडायचा मोह होतो. त्यापेक्षा त्याच भिंतीचं सगळ्यात खालचं, कोपऱ्यातलं उघडा. वर सुटलेला घाम पत्र्याच्या उभ्या नाल्यांतून खाली येतो आणि तळाच्या रेलजवळ, फरशीच्या प्लायच्या कडेला साचतो. तिथे हात घाला. गाळ लागला, प्लायची कड पापुद्र्यांनी सुटतेय, स्कर्टिंगचे स्क्रू गंजलेत, तर हा प्रकार या मोसमातला नाही, जुना आहे.

मग वर टॉर्च मारा. बहुतेक ठिकाणी मला एकच चित्र दिसतं: थर्माकोलच्या सपाट शीट नालीदार पत्र्यावर उभ्या टेकवलेल्या. पत्र्याच्या नाल्या ३६ मिलिमीटर खोल असतात. सपाट शीट कंगोऱ्यांना टेकते आणि प्रत्येक नाली फरशीपासून छतापर्यंत मोकळी चिमणी होऊन बसते. स्विचबोर्डच्या खोक्यातून, स्कर्टिंगच्या फटीतून खोलीतली गरम दमट हवा तिच्यात शिरते, पत्र्याला लागून गार होते, पाणी सोडते, खाली उतरते, आणि वरून नवी हवा ओढली जाते. इन्सुलेशन जागेवर आहे, जाडी बरोबर आहे, तरी भिंत ओली. कारण हवा इन्सुलेशनच्या पलीकडे फिरतेय.

दुसरं बघायचं ते स्टड. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) चॅनल थेट पत्र्याला वेल्ड किंवा रिबीट केलेले असतील, तर प्रत्येक चॅनल हा बाहेरच्या थंडीचा आत आलेला हात आहे. पोलाद रॉकवूलच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. दोन स्टडांमध्ये कितीही चांगलं इन्सुलेशन भरा, ६०० मिलिमीटरवरचे ते पट्टे गारच राहणार. जिप्समच्या स्क्रूंची टोकं काढून बघा. टोकाला गंज आणि वरचा आटा कोरा, तर पाणी मागून आलंय.

तिसरं, वेल्डिंगच्या पाठी. खिडकीची चौकट बाहेरून वेल्ड केली की आतल्या अंगाचा रंग जळतो. तो तसाच ठेवून वर फोम मारलेला असेल, तर फोम तिथेच सुटतो, कारण गंज आणि काजळीवर तो धरत नाही. बोटाने ढकलून बघा. हलला तर मागे पोकळी आहे.

खोलीतल्या घामावर

ज्या भिंतीत पोकळ नाल्या आणि पत्र्याला चिकटलेले चॅनल सापडले, तिला वरवरचा इलाज नाही. पॅनेल उतरवा, थर्माकोल काढा, पत्रा वायरब्रशने घासा, वेल्डच्या जागी झिंक किंवा एपॉक्सी प्राइमर द्या आणि पूर्ण वाळू द्या. चॅनल पत्र्यापासून किमान २५ मिलिमीटर आत, फरशी आणि छताच्या ट्रॅकवर उभे करा, मध्ये पत्र्याला स्पर्श नको. मग क्लोज्ड सेल (बंद बुडबुड्यांचा) पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू फोम, जो नालीत भरतो आणि चॅनलच्या पाठीमागेही शिरतो. ५० मिलिमीटरचा असा थर हवाही अडवतो आणि बऱ्याच अंशी वाफही.

फोम मारून घेताना जाडी कुठे मोजली जातेय ते उभं राहून बघा. नालीच्या खोलगट भागात सुई घातली तर ५० दाखवते, पण आत आलेल्या कंगोऱ्यावर मोजलं तर, पृष्ठभाग सपाट कापलेला असल्यास, उरतात १४. घाम त्या कंगोऱ्यावरच सुटतो. मोजमाप कंगोऱ्यावर, हे आधी ठरवून, लिहून घ्या. पत्रा ओला किंवा फार गार असेल त्या दिवशी काम थांबवायचं. फोम चिकटल्यासारखा दिसतो आणि नंतर सुटतो.

छतावर जाडी जास्त हवी आणि नेमकी तिथेच काटकसर होते, कारण उंची जाते. साध्या कंटेनरची आतली उंची सुमारे २.३९ मीटर, हाय क्यूबची (जास्त उंच कंटेनरची) २.६९ च्या आसपास. पंख्याखाली डोकं लागेल म्हणून छताला २५ मिलिमीटर आणि भिंतीला ५० अशी उलटी वाटणी केलेली घरं पाहिली आहेत. आतली रुंदीही २.३५ मीटरच असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी इंच-इंच जीवावर येतो हे कळतं. पण ज्यांचं घर अजून पूर्ण झालेलं नाही, त्यांनी बाहेरून इन्सुलेशन करून वर क्लॅडिंग (बाहेरचं आवरण) लावायचा विचार जरूर करावा. पत्रा उबदार बाजूला आला की खोलीतल्या घामाचा प्रश्नच संपतो आणि आतली जागा वाचते. कंटेनर कंटेनरसारखा दिसत नाही, एवढंच.

स्प्रे फोम जमत नसेल तर शीट पत्र्याच्या आकारात कापून नाल्या भरा, वर दुसरी सपाट शीट, सगळे सांधे फोमच्या डब्याने बंद आणि वर टेप. कष्टाचं काम आहे, पण होतं. नुसतं ग्लासवूल किंवा रॉकवूल पत्र्याला टेकवून भरणं मात्र मी सुचवणार नाही. त्यातून हवा आणि वाफ आरपार जाते, आणि भिजलेलं ग्लासवूल स्वतःच्या वजनाने खाली बसतं. बुडबुड्यांची चमकदार फॉइल पत्र्यावर चिकटवून इन्सुलेशन झालं असं म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. चमकदार बाजूसमोर मोकळी हवेची फट नसेल तर ती फक्त काही मिलिमीटरची प्लास्टिकची शीट उरते. उष्णता परावर्तित करणारा छताचा रंग दुपारी कामाचा, पहाटेच्या घामावर त्याचा उपयोग नाही.

पीयू फोम उघडा ठेवू नका, फॉल्स सीलिंगच्या वर दिसत नाही तिथेही नाही. तो भराभर पेटतो आणि धूर विषारी. त्याच्यावर निदान १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड हवा. आणि फोम झाल्यावर त्या पत्र्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडर कुठल्याच बाजूने चालवायचा नाही. खिडकी वाढवायची असेल तर आधी वाढवा.

थर्माकोल कायम ठेवणार असाल तर वायरिंग बघा. पीव्हीसी वायर थर्माकोलला चिकटून राहिली की तिच्यातला मऊपणा देणारा पदार्थ थर्माकोलमध्ये उतरतो. थर्माकोल विरघळल्यासारखा खचतो आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. ओल, तडकलेली वायर आणि चहूबाजूंनी पोलाद. वायर पाइपातूनच न्या आणि कंटेनरच्या सांगाड्याचं अर्थिंग तपासून घ्या.

एवढं सगळं उघडण्याआधी एक गोष्ट फुकटात तपासता येते: बाथरूमचा एक्झॉस्ट कुठे सोडलाय? फॉल्स सीलिंगच्या वर पाइप नेऊन तिथेच मोकळा सोडलेला असतो आणि सगळी वाफ छताच्या पत्र्याखाली कोंडते. तो पाइप भिंतीतून बाहेर काढला की काही घरांचा निम्मा प्रश्न सुटतो. एसीचा ड्रेन पाइप आणि थंड पाण्याची लाइन पॅनेलमागून उघडी गेली असेल तर तिलाही घाम येतो. तिच्यावर फोमची नळी चढवायची, झालं.

एसीचा उलटा घाम

इथे हिशेब फिरतो. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू २७. आत एसी २२ वर, म्हणजे पॅनेलची पाठ २३-२४ अंशांवर. पत्रा गरम आहे, त्याला काही होत नाही. पण बाहेरची हवा खिडकीच्या चौकटीभोवतून, कंटेनरच्या मूळ दारांच्या झिजलेल्या रबरी पट्टीतून पॅनेलमागे पोचली की बोर्डाच्या पाठीला घाम सुटतो. तोंडावर विनाइल वॉलपेपर, पीव्हीसी पॅनेल किंवा ऑइल पेंट असेल तर ती ओल खोलीच्या कोरड्या हवेत निघून जाऊ शकत नाही. बोर्डाचा कागद हे बुरशीचं खाद्य, आणि तिला निवांत वाढायला जागा मिळते.

यावर लोक काय करतात? ओल दिसली म्हणून आतून वॉटरप्रूफ कोट देतात किंवा पॅनेलखाली प्लास्टिकचा कागद टाकतात. थंड प्रदेशातल्या व्हिडिओंत आतल्या बाजूला प्लास्टिक असतं, तेच इथे उचललं जातं. वर्षभर हीटर चालतो तिथे ते बरोबर आहे. वर्षभर एसी चालतो तिथे ते ओल कोंडून ठेवतं. उपाय दोन: बाहेरची हवा आत येण्याच्या फटी बंद करा आणि आतलं फिनिश श्वास घेणारं ठेवा, म्हणजे साधा पाण्यातला इमल्शन रंग. पत्र्याला घट्ट चिकटलेला फोम असेल तर बाहेरच्या हवेला पॅनेलपर्यंत यायला वाटच राहत नाही, त्यामुळे दोन्ही ऋतू असलेल्या जागी तोच सगळ्यात निर्धोक. एसीचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढवून बघा. ओल लगेच कमी झाली तर निदान पक्कं.

गळती

कापलेल्या पत्र्यावर सपाट चौकट बसवली की नाल्यांच्या तोंडाशी मोकळी जागा राहते आणि ती नुसत्या सिलिकॉनने भरली जाते. एवढी जाड सिलिकॉनची वळकटी टिकत नाही. नाली पत्र्याच्या तुकड्याने किंवा बॅकर रॉडने (फट भरायच्या फोमच्या दोरीने) बुजवा, मग पॉलियुरेथेन सीलंटची बेताची रेघ. वरच्या कडेला पाणी पुढे टाकणारी पट्टी हवीच, तिच्याशिवाय सीलंट एकटा पडतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पोलादावर लावू नका, त्यातलं आम्ल गंज चढवतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

भेगा, ओलीशी संबंध नसलेल्या

पुट्टीची भेग एकाच सांध्यावर दरवर्षी उघडत असेल आणि हाताला कोरडी असेल, तर ती पत्र्याची हालचाल. १२ मीटरचा कंटेनर ४० अंशांच्या फरकाने सहा मिलिमीटरच्या आसपास लांबतो, आणि गडद रंगाच्या पत्र्याला उन्हात तेवढा फरक सहज पडतो. भरत राहिलात तर फाटत राहील. बोर्डाच्या कडेला छत आणि भिंतीशी १० मिलिमीटर फट सोडून बीडिंगने झाका. दोन कंटेनर जोडले आहेत त्या सांध्यावर बोर्ड सलग नेऊ नका, पट्टी एकाच बाजूला स्क्रू करा आणि दुसरी बाजू सरकू द्या. मधली भिंत कापताना वर बॉक्स सेक्शन (चौकोनी पोकळ पोलादी तुळई) टाकला नसेल आणि भेग छताच्या मध्यावर रुंद होत असेल, तर ते फिनिशिंगचं काम राहिलेलं नाही, फॅब्रिकेटर आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

परत बंद करण्याआधी

बुरशी धरलेला जिप्सम बोर्ड आणि ग्लासवूल टाकूनच द्या, धुऊन सुटत नाही. मूळ फरशीचा २८ मिलिमीटर प्लाय कीटकनाशक मुरवलेला असतो, त्याची माहिती दारावरच्या सीएससी प्लेटवर (कंटेनरच्या सुरक्षा-मान्यतेच्या धातूच्या पाटीवर) कोरलेली असते. त्याला सँडर लावून धूळ उडवू नका. लाकडाच्या मीटरवर २० टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर त्याच्यावर एपॉक्सी किंवा विनाइल चढवायचं नाही, पंखा लावून वाळवत ठेवायचं. ओल्यावर झाकलंत तर प्लाय खालून कुजतो आणि वरून काही कळत नाही.

बोर्ड जमिनीपासून १०-१२ मिलिमीटर वर ठेवा, फट स्कर्टिंगने झाकते. आणि त्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात स्क्रूने उघडणारं एक छोटं झाकण ठेवा, हात आत जाईल एवढं. पुढच्या गार मोसमात एकदा आणि उकाड्यात एकदा ते उघडून तळाच्या रेलवर बोट फिरवायचं. कोरडं लागलं तर रंगाचा शेवटचा हात तेव्हा द्या, त्याआधी प्राइमरवरच राहू द्या.